मोरणीचा घास

लंकाबाईला कुणी विचारलं, तुमच्या घरात मानाचं असं काय आहे, तर ती दारातला ट्रॅक्टर सांगायची नाही की अंगावरचं डोरलं दाखवायची नाही. ती म्हणायची, आमच्याकडं माशांचा घास हाय. ऐकणारा नवखा असला तर हसायचा. हसू द्या. एका घरानं पिढ्यान् पिढ्या दर शुक्रवारी सकाळी डोहातल्या माशांना कणकेच्या गोळ्या घालायच्या, एक शुक्रवार चुकवायचा नाही, सुतक पडलं तर भावकीतल्या बाईच्या हातून पाठवायच्या, हे काय प्रकरण आहे ते त्याला कुठून कळणार? सासू भागुबाईनं मरताना सोनंनाणं कुठं ठेवलंय ते सांगितलं नाही. शुक्रवार विसरू नको, एवढंच सांगून गेली.

डोह गावाच्या खालच्या अंगाला. नाशकाकडून येणारी नदी इथं काळ्या खडकाला वळसा घालते आणि पुढं दारणेला जाऊन मिळते. वळणावर पाणी खोल, भर वैशाखात दोन पुरुष. काठावर शेंदूर लावलेले सात दगड. त्या साती आसरा, पाण्याच्या बाया, आणि डोहातले मासे त्यांचे. तिथं कुणी गळ टाकायचा नाही, जाळं लावायचं नाही. टाकलाच तर काय होतं याच्या गोष्टी गावात पोत्यानं होत्या. कुणाचा हात वाकडा झाला, कुणाची म्हैस आटली. खरं-खोटं आसरांना ठाऊक. पण त्या धाकानं मासे राहिले, वाढले, एकेक मासा हात-हात लांब झाला.

ज्या बाईच्या घरात पाळणा हलत नाही तिनं आसरांना नवस बोलायचा आणि मूल झालं की डोहातल्या एका माशाच्या ओठात सोन्याची बारीक तार वळवून घालायची, अशीही रीत होती. लंकाबाईनं नऊ वर्षं वाट पाहिली. सगळे उपास झाले, सगळी औषधं झाली. मग योगेश झाला. तेव्हा भागुबाईनं स्वतःच्या नाकातली मोरणी सोनाराकडं नेऊन मोडली, तिची तार करून आणली आणि एक वीतभर मासोळी ओल्या फडक्यात धरून तिच्या ओठात ती घातली. त्या दिवसापासून मासोळीचं नावच मोरणी पडलं. योगेश आता सव्वीस वर्षांचा बाप्या झाला होता आणि मोरणी चांगली दीड हाताची. योगेशला राग आला की लंकाबाई म्हणायची, तुझ्यापेक्षा तुझी बहीण शहाणी, ती कधी ताटावरून उठत नाही.

शहाणी होती पण नखरेल होती. बाकीचे मासे गोळी पडली की झडप घालायचे. मोरणी सगळ्यांत शेवटी, खालून सावकाश यायची, हातभर अंतर ठेवून गोळी घ्यायची आणि वळताना एकदा ओठातली तार उन्हात चमकवून जायची. लंकाबाईनं किती वेळा पाण्यात हात घालून बोलावलं असेल. पण ही कधी हाताला आली नाही. सव्वीस वर्षांत एकदाही नाही.

आता नदीचं सांगायचं तर कुठून सांगावं! वरच्या अंगाला पाच-सहा वर्षांत उंच उंच सोसायट्या उभ्या राहिल्या. फाटकावर नावं झोकदार, गच्चीवर झाडं, आणि खाली संडासाच्या टाक्या भरल्या की उपसायला टँकर. ते टँकर कुठं जायचे? जायचे नदीवरच्या पुलाखाली. नळी सोडायची, ड्रायव्हरनं एक विडी ओढायची, तोवर टँकर रिकामा. एका कारखान्याचं तांबूस पाणीही कुठूनसं यायचं, कारखाना कुठला ते मात्र कुणालाच कळायचं नाही. आणि आपली माणसं तरी कुठं सोवळी होती? कोथिंबीर धुवायची नदीत, फवाऱ्याचा पंप खंगाळायचा नदीत, औषधाच्या रिकाम्या बाटल्या फेकायच्या नदीत. लंकाबाईचा नवरा नाथा यानंही तेच केलं होतं. नदी आहे, वाहून नेते, एवढाच सगळ्यांचा हिशेब. उन्हाळ्यात धरणाचं पाणी बंद झालं की नदीत वाहायला दुसरं काही नसायचंच. वरून जे येईल तीच नदी.

सून तेजस्विनी शहरात रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होती. रोज स्कूटीवर नाशकातल्या द्वारका चौकाच्या गर्दीतून जायची-यायची. पुलावरून येताना तिनं टँकर पाहिले, नंबर टिपले, अर्ज केले. एका हापिसानं सांगितलं, पूल आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्यानं सांगितलं, टँकर आमच्या हद्दीतले नाहीत. तिसऱ्यानं पाण्याची बाटली भरून घेतली आणि दोन महिन्यांनी कळवलं की नमुना अपुरा होता. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. नाथा तिला म्हणाला, पोरी, आपण कोथिंबीर विकणारी माणसं, कुठं नादी लागते. तिनं तरी चौथा अर्ज केलाच.

त्या वैशाखात तीन शुक्रवार मासे नीट वर आलेच नाहीत. दोन-चार यायचे, गोळीला तोंड लावायचे, निघून जायचे. मोरणी दिसलीच नाही. लंकाबाईच्या जिवाला घोर लागला. तिनं आठवून पाहिलं, आपलं काय चुकलं? कणीक शिळी होती का? सातही बायांची ओटी भरली, हिरव्या बांगड्या वाहिल्या, नाक घासलं. आसरांची पूजा करणारा गोटीराम म्हणाला, बाया रुसल्यात, गाव घास विसरलं. लंकाबाईला ते जिव्हारी लागलं. गाव विसरलं असेल, ती कुठं विसरली होती?

चौथ्या शुक्रवारी सकाळी ती परातीत कणीक घेऊन डोहावर उतरली आणि पाहते तर काय, सगळा डोह माशांनी भरलेला. वरच्या वर. हाताएवढे, बोटाएवढे, आजवर कधी न दिसलेले तळाचे म्हातारे मासेसुद्धा. सगळ्यांची तोंडं पाण्याबाहेर. उघडतायत, मिटतायत, उघडतायत, मिटतायत.

ती परात घेऊन तशीच पाण्याकडं धावली. आनंदानं हो! दुसऱ्या कशानं? लेकरू जेवायला बसत नाही म्हणून चार दिवस झुरणाऱ्या आईच्या पुढ्यात त्याच लेकरानं आ केला तर तिला काय वाटेल? तिनं शेजारच्या मळ्यात झेंडू तोडणाऱ्या कुसाबाईला हाक मारली. कुसाबाईनं पाहिलं आणि ती गावात पळाली. अर्ध्या तासात सगळं गाव काठावर. गोटीरामानं नारळ फोडला. म्हणाला, "वहिनी, बाया पावल्या. तीन आठवडे उपाशी राह्यले ते. आता हात आखडू नका."

मग काय विचारता. गिरणीवाल्यानं पिठाचं पोतं आणून टाकलं. बायका काठावर बसून कणीक मळायला लागल्या. पोरं फोनवर व्हिडिओ काढत होती. ज्यांना मळायचा कंटाळा ते कोरडं पीठच मुठीमुठीनं भिरकावत होते. डोहाचं काळपट पाणी पांढरं झालं. मासे खात होते का? गोळी तोंडात जात होती आणि तशीच बाहेर पडत होती. लंकाबाईनं ते पाहिलं. पाण्याला नासल्या अंड्याची घाण येत होती, तीही तिच्या नाकात गेली. पण माणसाला हवं ते दिसायला लागलं की नकोसं डोळ्याआड जातं. तिला वाटलं, लय दिवसांचे उपाशी, एकदम जात नसेल घशाखाली.

तेवढ्यात मोरणी आली. खालून नाही, वरूनच, तिरकी होत होत. आली ती थेट लंकाबाईच्या पायाशी. ओठातली तार उन्हात चमकली. लंकाबाई गुडघाभर पाण्यात उभी राहिली, वाकली, तिनं हात पुढं केला, आणि मोरणी हाताला आली. तळहातावर हनुवटी टेकून राहिली. सव्वीस वर्षांची हौस फिटली. लंकाबाईच्या डोळ्यांना धार लागली. तिनं चांगली लिंबाएवढी गोळी केली आणि स्वतःच्या बोटांनी मोरणीच्या तोंडात सारली. "खा माझे बाय," ती म्हणाली.

तिचा फोन घरात चार्जिंगला होता. त्यावर तेजस्विनीचे सतरा मिसकॉल पडले होते. गावातल्या पोरांचा व्हिडिओ तिला लॅबमध्ये दिसला आणि ती हातातलं काम टाकून निघाली. अकराच्या सुमाराला तिनं काठावर स्कूटी टाकली आणि पळत खाली आली. लोकांना वाटलं, सूनही दर्शनाला आली. ती थेट पाण्यात शिरली आणि तिनं सासूचं मनगट धरलं.

"आई, पीठ टाकायचं थांबवा," ती म्हणाली. "ते जेवायला नाय आले. त्यांना पाण्यात हवा मिळत नाही. श्वास घ्यायला आलेत वर."

लंकाबाईला आधी ते कळलंच नाही. ती म्हणाली, अगं, मोरणी हाताला आली माझ्या. मागून गोटीराम कुरकुरला की शिकलेल्या माणसांना देवधर्म कळत नाही. कुणी हसलं. आणि तेवढ्यात खडकाजवळ एक मासा आडवा झाला, त्याचं पांढरं पोट वर आलं. मग दुसरा. मग कोणी हसलं नाही.

पुढची धावपळ काय सांगावी. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठं कुठं लावणार? तेजस्विनी म्हणाली, पाणी उंचावरून पाडा, फेस झाला की त्यात हवा जाते. मळ्यांच्या पाच मोटारी डोहावर होत्या, पण शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची. योगेश पिकअप घेऊन मार्केटला गेलेला, त्याला फोन केला तर तो ट्रॅफिकमध्ये अडकलेला. वायरमन म्हणाला, मी काय करू, वरून बंद आहे. नाथानं भावकीतलं डिझेल इंजिन ओढत आणलं, पाइप खडकावर बांधला, फवारा सुरू केला. पण तेच घाण पाणी उचलून त्याच घाण पाण्यात पडत होतं. फवाऱ्याखाली शे-दोनशे मासे गोळा झाले, एकमेकांना ढकलत, एसटीत चढणाऱ्या माणसांसारखे. बाकीचे तिथवर पोचले नाहीत.

लंकाबाईनं अंगावरची जुनी साडी सोडली, परकर-पोलक्यावर उभी राहिली. साठीची बाई, सगळ्या गावापुढं. पण कुणी मान वर करून पाहिलं नाही. तिनं साडी पाण्यात बुडवली आणि तेजस्विनीच्या मदतीनं मोरणीला झोळीत घेतलं. सासू-सून बांधावरून पळत मळ्यात आल्या. तिथं अलीकडं कोथिंबीर धुवायला बांधलेला सिमेंटचा हौद होता, बोअरच्या पाण्यानं भरलेला. त्यात मोरणीला सोडली. ती आडवी पडली. लंकाबाईनं हौदात उतरून तिला दोन्ही हातांनी सरळ धरली आणि तेजस्विनी तांब्यानं वरून पाणी सोडत राहिली. भर, ओत. भर, ओत.

मोरणीचे कल्ले हलायला लागले. एकदा शेपटी हलली. लंकाबाई म्हणाली, हाय गं, जीव हाय. बारा वाजले, एक वाजला, दीड वाजला. तेजस्विनीचा खांदा भरून आला, तिनं हात बदलला. लंकाबाई आसरांना काय काय बोलत होती ते तिचं तिला ठाऊक. योगेशसाठी नऊ वर्षं मागितलं नसेल तेवढं तिनं त्या दोन तासांत मागितलं.

दोनच्या सुमाराला कल्ले थांबले.

तेजस्विनी तरी ओततच होती. लंकाबाईनं तिचा तांब्या धरला. मग मोरणीला मांडीवर घेऊन तिनं तिचं तोंड पुसायला म्हणून बोट आत घातलं. आत सकाळची गोळी होती. लिंबाएवढी, तशीच्या तशी, घशाच्या तोंडाशी बसलेली. लंकाबाईनं ती बाहेर काढली आणि तळहातावर धरून पाहत राहिली. तिला रडू आलं नाही. तिला वाटलं, आपला हात कोपरापासून कुणीतरी काढून न्यावा.

दुसऱ्या दिवशी डोह पांढरा होता. इकडून तिकडं नुसती पोटं. जेसीबीनं खड्डा घेतला, चुना टाकला. मोरणीला लंकाबाईनं त्या खड्ड्यात जाऊ दिलं नाही. हौदाशेजारी पुरली, ओठातल्या तारेसकट. योगेशनं स्वतः खड्डा खणला.

दुपारी सरकारी हापिसातून एक साहेब आला. तरुण होता, वाईट नव्हता, नाकाला रुमाल लावून काठावर हिंडला. काठाला पिठाचा थर आंबून बुडबुडे येत होते. त्याचे त्यानं फोटो काढले आणि पंचनामा लिहायला बसला. कारण काय लिहिलं? ग्रामस्थांनी धार्मिक समजुतीतून मोठ्या प्रमाणात पीठ टाकल्यानं ते कुजून पाण्यातला प्राणवायू संपला. तेजस्विनी भांडली. म्हणाली, साहेब, पीठ पडण्याआधीच मासे वर आले होते, त्यांना आधी कुणी मारत आणलं ते लिहा की. तिनं टँकरचे नंबर दाखवले, चारही अर्ज दाखवले. साहेब म्हणाला, ताई, मला डोळ्यांना दिसतं ते लिहावं लागतं. टँकर मला दिसला नाही. पीठ दिसतंय. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही अशी. आणि सुळी देणाराही बिचारा घड्याळाकडं पाहत होता, त्याला अजून दोन गावं करायची होती.

पंच म्हणून लंकाबाईची सही हवी होती. ती पुढं आली. सही करण्याआधी तिनं एकच विचारलं.

"साहेब, म्या पीठ टाकलं नसतं तर जगले असते का हो?"

साहेबानं पेन थांबवलं. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "काही जगले असते, मावशी. किती ते सांगता येत नाही."

लंकाबाईनं सही केली. लं, का, बा, ई, एकेक अक्षर नीट काढून. तेजस्विनी रागानं रडायला लागली, आई, तुम्ही कबूल कशाला केलं? लंकाबाई घराकडं निघाली. ते 'काही' तिच्या डोक्यात जाऊन बसलं होतं. त्या काहींमध्ये मोरणी होती का? भाकरी थापताना तिला तेच, मेथीच्या जुड्या बांधताना तेच.

पावसाळ्यात नदी फुगली आणि सगळं धुऊन गेल्यासारखं दिसायला लागलं. गावानं कुठूनशी माशांची पिल्लं आणून डोहात सोडली. गोटीराम हौसेनं म्हणाला, आता एखादीला मोरणी घालू, वहिनी, तुमच्या हातानं. लंकाबाई म्हणाली, ज्याला नाव दिलं त्याचा जीव आपल्या गळ्यात पडतो, मला आता नको. शुक्रवार येत-जात राहिले. ती कणीक मळायची आणि कुसाबाईच्या हातून पाठवायची. सुतक पडल्यावर पाठवतात तशी.

वर्ष सरलं. पुन्हा वैशाख आला, धरणाचं पाणी बंद झालं. पुलाखाली टँकर येतच होते. आता दुपारचे यायचे, लाजायचंही सोडलं होतं त्यांनी. तेजस्विनीचा सातवा अर्ज कुठल्याशा टेबलावर होता.

एका शुक्रवारी सकाळी कुसाबाई धापा टाकत आली. म्हणाली, मासे आले वर, वीतवीतभर झालेत, चल, तुझा मान हाय, लोक थांबलेत. लंकाबाई नाही म्हणाली. मग तिला बसवेना. परात घेऊन ती निघाली, आणि सुट्टीवर असलेली तेजस्विनी तिच्या मागं निघाली.

काठावर गाव जमलं होतं. डोहात मासे वर आले होते, नवे, तरतरीत, रुपेरी. तोंडं पाण्याबाहेर. उघडतायत, मिटतायत. पोरं टाळ्या वाजवत होती. लंकाबाई पायरीवर बसली. तिनं एक गोळी केली, छोटी, बोराएवढी, आणि हात पुढं केला. दहा-बारा तोंडं हाताखाली गोळा झाली.

"तेजू," ती हळूच म्हणाली, "नीट बघून सांग गं. भुकेले हायेत का जीव चाललाय यांचा?"

तेजस्विनी तिच्या शेजारी बसली. तिनं ओंजळीत पाणी घेऊन वास घेतला. वास तर आता रोजचाच होता. तिनं बराच वेळ माशांकडं पाहिलं.

"कळत नाही, आई," ती म्हणाली.

मागून गोटीराम म्हणत होता, टाका वहिनी, उपाशी आहेत बिचारे. खाली मासे तोंड उघडत होते, मिटत होते. टाकावं तरी भीती, नाही टाकावं तरी भीती. लंकाबाईचा हात तसाच पाण्यावर राहिला, आणि त्याची मूठ काही उघडेना.